एका विशेषणाची बाराशे वर्षे

जिभेविषयी पवित्र शास्त्रात जेवढे लिहिले आहे, तेवढे शरीराच्या अन्य कोणत्याही अवयवाविषयी क्वचितच लिहिले असेल. नीतिसूत्रांचा कर्ता जीवन आणि मरण या दोहोंची सत्ता तिच्याकडे देतो. संत याकोब तिला घोड्याच्या लगामाची, गलबताच्या सुकाणूची आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा देतो. उपवासकाळात प्रायश्चित्त संस्कारासाठी येणाऱ्या भाविकांना आत्मपरीक्षणाचे जे प्रश्न दिले जातात, त्यांतही चहाडी, निंदा, शिवीगाळ, शाप आणि भावाभावांतील अबोला हे विषय हटकून असतात. आपण प्रत्येक जण आपापल्या जिभेचा हिशेब त्या वेळी प्रामाणिकपणे मांडत असतो.

परंतु जीभ एकट्यादुकट्या माणसालाच असते असे नाही. घराण्याला जीभ असते, गावाला असते आणि ख्रिस्तसभेलाही असते. एखाद्या शेजाऱ्याविषयी घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच वाईट शब्द वापरला जातो. तो प्रथम कोणी उच्चारला, का उच्चारला, हे कोणालाच ठाऊक नसते. पण त्या घरातील मूल शेजाऱ्याचा चेहरा नीट पाहण्यापूर्वीच त्याचे ते विशेषण शिकून बसलेले असते. ख्रिस्तसभेच्या उपासनेत असेच एक विशेषण सुमारे बाराशे वर्षे मुक्काम करून होते. ते कसे आले, त्याच्या सावलीत काय काय घडले आणि ते कसे गेले, ही हकीकत आपल्या वाचकांपैकी अनेकांना अपरिचित असेल, म्हणून येथे सांगावीशी वाटते.

उत्तम शुक्रवारी मिस्साबलिदान होत नाही, हे आपण जाणतोच. त्या दुपारी संत योहानकृत शुभवर्तमानातील दुःखसहनाची कथा वाचली वा गायली जाते आणि त्यानंतर सार्वत्रिक प्रार्थनांची एक दीर्घ मालिका येते. या प्रार्थना रोमन उपासनेतील अतिप्राचीन ठेवा आहेत. ख्रिस्तसभेसाठी, पोप महोदयांसाठी, धर्मगुरुवर्गासाठी, दीक्षार्थींसाठी, संकटग्रस्तांसाठी अशा त्या क्रमाने येतात. आधी हेतू सांगितला जातो, मग गुडघे टेकण्याची सूचना होते, क्षणभर शांतता पसरते आणि अखेर पुरोहित सर्वांच्या वतीने प्रार्थना म्हणतो. या मालिकेत यहुदी लोकांसाठीही एक प्रार्थना पूर्वापार होती आणि आजही आहे. आठव्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या, 'गेलासियन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपासनाग्रंथाच्या हस्तलिखितात तिचा जुना पाठ सापडतो. त्यात यहुद्यांना लावलेले लॅटिन विशेषण आहे 'पेरफिदिस'.

लॅटिनमध्ये 'फिदेस' म्हणजे विश्वास, श्रद्धा, निष्ठा. प्रारंभीच्या ख्रिस्ती लेखकांच्या लेखणीत 'पेरफिदुस' या शब्दाचा अर्थ बहुधा 'ख्रिस्तावर विश्वास न ठेवणारा' एवढाच असे, असे जाणकार सांगतात. परंतु शब्द एका जागी बसून राहत नाहीत. लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच आणि इटालियन भाषांत, आणि त्यांच्या वाटेने इंग्रजीतही, या शब्दाची जी लेकरे जन्मली त्यांचा अर्थ एकच झाला: दगाबाज. आपल्या भाषेत सांगायचे, तर अविश्वासी आणि विश्वासघातकी या दोन शब्दांमध्ये 'घात' एवढेच काय ते अधिक आहे. पण त्या दोन अक्षरांत माणसाचे माणूसपण वाहून जाते. पुढे भाविकांच्या हाती लॅटिन पाठाबरोबर भाषांतर दिलेली प्रार्थनापुस्तके आली तेव्हा युरोपातील अनेक भाषांत 'दगाबाज' हाच अर्थ छापला गेला. लॅटिन न जाणणाऱ्या कुटुंबांनी तो आपल्या मुलांच्या शेजारी बसून वाचला.

शब्दाच्या जोडीला एक मौनही होते. अन्य प्रत्येक हेतूच्या वेळी सारी मंडळी गुडघे टेकीत. यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेला मात्र ती सूचना गाळली जाई. असे का, याचे उत्तर मध्ययुगीन भाष्यकारांनी दिले आहे: यहुद्यांनी गुडघे टेकून प्रभूची थट्टा केली, म्हणून त्यांच्यासाठी आपण गुडघे टेकीत नाही. आता कोणीही संत मत्तय किंवा संत मार्क यांचे शुभवर्तमान उघडून पाहावे. काट्यांचा मुकुट घालून प्रभूपुढे गुडघे टेकणारे रोमन सुभेदाराचे शिपाई होते. शुभवर्तमान रोज हाताळणाऱ्या विद्वानांच्या ध्यानात एवढी साधी गोष्ट कित्येक शतके आली नाही! एकदा विशेषण मनात ठसले की डोळ्यांसमोरचा मजकूरही त्या विशेषणाला अनुकूल असा वाचला जातो.

या प्रकाराचे मूळ प्रार्थनापुस्तकाहून जुने आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया नगरात योहान नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांच्या वाणीवर लुब्ध झालेल्या जगाने त्यांना पुढे 'क्रिझोस्टम' म्हणजे सुवर्णमुख ही पदवी दिली. श्रीमंतांच्या उधळपट्टीवर आणि गरिबांच्या हक्कावर त्यांनी केलेली प्रवचने आजही धर्मगुरूंना लाजवतात आणि जागे करतात. पोप दहावे पायस यांनी १९०८ साली त्यांना प्रवचनकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, ते उचितच होते. परंतु याच सुवर्णमुखातून ३८६ आणि ३८७ या वर्षांत आठ प्रवचने अशी बाहेर पडली की, ती वाचताना मान खाली जाते. निमित्त तसे घरगुती होते. अंत्युखियातील काही ख्रिस्ती मंडळी यहुद्यांच्या सणांना, उपासांना आणि सभास्थानातील शपथविधींना आवडीने जात. ती जाऊ नयेत म्हणून योहानांनी सभास्थानाला नाटकगृहाची आणि वेश्यागृहाची, तर तेथील लोकांना निरुपयोगी झालेल्या जनावरांची उपमा दिली. प्रतिपक्षाला झोडपून काढणे हा त्या काळच्या वक्तृत्वशाळेतील शिकवणीचाच भाग होता, असा त्यांचा बचाव केला जातो आणि तो खोटा नाही. पण प्रवचन ऐकणारे शाळेतील विद्यार्थी नव्हते. पुन्हा, वक्त्याचा रोख होता आपल्याच कळपातील ओढाळ मेंढरांवर. शब्द मात्र लागले शेजाऱ्यांना. श्रोते मरून गेले, निमित्त विसरले गेले आणि संताच्या नावाने शब्द तेवढे उरले, ते नकलून घेतले गेले, भाषांतरित झाले.

अशा शब्दांची किंमत कोणी मोजली? १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धाच्या निमित्ताने निघालेल्या जमावांपैकी काही टोळ्या ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातील श्पायर, व्होर्म्स आणि माइन्झ या नगरांत शिरल्या. प्रभूचे वैरी येथे आपल्या दाराशी असताना दूर देशी कशाला जावयाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्होर्म्स आणि माइन्झ येथे शेकडो यहुदी स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. कित्येकांनी बळजबरीच्या बाप्तिस्म्यापेक्षा स्वतःच्या हाताने मरण पत्करले. श्पायरचे बिशप योहान यांनी मात्र आपल्या नगरातील बहुतेक यहुद्यांना आश्रय देऊन वाचवले. त्या जमावातील कोणीही क्रिझोस्टम वाचलेले नसतील. त्यांना तेवढे एक विशेषण पुरले.

पन्नास वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला आणि या वेळी वेगळे घडले. १९४६ नव्हे, ११४६ सालची ही गोष्ट आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण ती अलीकडचीच वाटते. दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक संत बर्नार्ड यांनीच दिली होती. तेव्हा राडुल्फ नावाचा एक संन्यासी मठ सोडून ऱ्हाईनच्या काठाने प्रवचने करीत निघाला आणि यहुद्यांवर सूड उगवा असे सांगू लागला. लोक त्याच्यामागे धावू लागले. बर्नार्ड यांनी प्रथम पत्रे लिहिली. पत्रांनी भागत नाही असे दिसताच ते स्वतः तिकडे गेले, माइन्झ येथे राडुल्फला गाठून त्याला बोलणे बंद करावयास लावले आणि मठात परत धाडले. लोक राडुल्फच्या बाजूचे होते, गडबड होण्याची चिन्हे होती. पण बर्नार्ड यांच्या साधुत्वाचा दबदबा असा की कोणी हात उचलला नाही. त्यांच्या पत्रांत यहुद्यांविषयीचे सारेच विचार आज आपल्याला पटतील असे नाही. परंतु त्यांना मारू नका, छळू नका, हाकलू नका, हे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

याची साक्ष आपल्या पक्षाच्या कोणा चरित्रकाराने दिली असती तर ती मी येथे इतक्या विश्वासाने सांगितली नसती. ती दिली आहे बॉन येथील एफ्राईम या यहुदी लेखकाने. त्या वेळी तो तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता आणि आपल्या नातलगांसह एका किल्ल्यात लपून बसला होता. मोठेपणी त्याने हिब्रू भाषेत त्या दिवसांची बखर लिहिली. देवाने हा धर्मगुरू पाठवला नसता तर आपल्यापैकी कोणीच उरले नसते, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. त्याने यासाठी आमच्याकडून काही द्रव्य घेतले नाही, हेही तो आवर्जून नोंदवतो. एका माणसाच्या जिभेने पेटवलेले रान दुसऱ्याच्या जिभेने विझवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात फार थोडे आहे.

हा सारा युरोपाचा इतिहास म्हणून आपण दूर ठेवू शकलो असतो. परंतु त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन लागला आहे. पोर्तुगालमध्ये १४९७ साली यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करण्यात आला. त्यांना आणि त्यांच्या वंशजांना 'नवख्रिस्ती' म्हणत. पाण्याने धुऊनही विशेषण निघाले नाही, उलट त्यात एकाची भर पडली. शेजारच्या स्पेनमध्ये अशा लोकांसाठी जो शब्द रूढ होता त्याचा अर्थ डुक्कर असा होता. अशाच एका कुटुंबात जन्मलेले गार्सिया द ओर्ता हे वैद्य १५३४ साली गोव्यास आले. मुंबई बेट पोर्तुगीज सरकारकडून त्यांना खंडाने मिळाले होते. भारतीय वनौषधींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि त्याने युरोपला आपल्या झाडपाल्याची ओळख करून दिली. १५६८ साली ते निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळण्याची शिक्षा दिली आणि १५८० साली खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. 'नवे' आणि 'जुने' ख्रिस्ती हा भेद पोर्तुगीज कायद्याने पुसला तो १७७३ साली.

याच किनाऱ्यावर, गोव्याच्या उत्तरेस, यहुदी लोकांचा दुसरा एक समाज शतकानुशतके नांदत होता. फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी अलिबागजवळच्या नवगावी किनाऱ्याला लागली, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे घातले, मराठी भाषा आपली केली, केहीमकर, रोहेकर, पेणकर अशी गावांची आडनावे घेतली. शब्बाथाच्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून कोकणातील शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. नाव ठेवण्यात आपले लोक मागे नाहीत, हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की या नावात विष नाही. शेजाऱ्याने जे पाहिले ते सांगितले: हा तेली शनिवारी काम करीत नाही. घाताचा त्यात मागमूस नाही, आणि कोकणातील हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांकडून या समाजाचा छळ झाल्याचे त्यांचा इतिहास सांगत नाही.

आता विसाव्या शतकाकडे वळू. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतील ते विशेषण वगळावे, ही मागणी प्रथम संघटितपणे पुढे आली ती रोममध्येच. १९२६ साली तेथे 'इस्राएलचे मित्र' या अर्थाच्या लॅटिन नावाचा एक संघ स्थापन झाला. अनेक कार्डिनल, दोनशेहून अधिक बिशप आणि हजारो धर्मगुरू त्याचे सभासद झाले. त्यांच्या विनंतीचा विचार झाला. उपासनाविषयक तज्ज्ञाने अनुकूल मतही दिले. परंतु श्रद्धाविषयक खात्याने, प्राचीन पाठाला हात लावणे उचित नव्हे, अशी भूमिका घेतली आणि मार्च १९२८ मध्ये तो संघच विसर्जित करण्यात आला. ज्या आदेशाने तो विसर्जित झाला त्याच आदेशात यहुद्यांच्या द्वेषाचा स्पष्ट शब्दांत निषेधही केला आहे. म्हणजे द्वेष नको, पण विशेषण असू द्या! त्यानंतर पाचच वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला.

येथे शब्द मोजूनमापून वापरले पाहिजेत. साठ लाख यहुद्यांचा संहार करणारी विचारसरणी ख्रिस्ती नव्हती. ती वंशाची पूजा करणारी होती आणि ख्रिस्ताचीही वैरी होती. परंतु तिचे हुकूम पाळणारे, आगगाड्या हाकणारे आणि खिडकीतून पाहत राहणारे बहुसंख्य लोक बाप्तिस्मा झालेले होते. त्यांची मने का हलली नाहीत?

हा प्रश्न ज्याने आयुष्य पणाला लावून विचारला तो माणूस होता फ्रेंच इतिहासकार झ्यूल इझाक. १८७७ साली जन्मलेल्या या यहुदी गृहस्थांनी लिहिलेली इतिहासाची क्रमिक पुस्तके फ्रान्समधील मुलांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासली होती. ते देशाच्या शिक्षणखात्यात प्रमुख निरीक्षक होते. १९४० साली यहुदी म्हणून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, डोक्यावर छप्पर कायम नसताना, त्यांनी शुभवर्तमाने मूळ ग्रीकमधून वाचावयास घेतली. येशू आपल्या लोकांविषयी खरोखर काय म्हणाला आणि त्याच्या अनुयायांनी पुढे काय शिकवले, हे त्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये ते घराबाहेर असताना त्यांची पत्नी आणि कन्या यांना पकडून नेण्यात आले. छावणीतून पत्नीने कशीबशी एक चिठ्ठी पाठवली: स्वतःला जपा आणि हाती घेतलेले काम पुरे करा, असा तिचा आशय होता. दोघी आउश्विट्झहून परतल्या नाहीत. ग्रंथ पुरा झाला, १९४८ साली प्रसिद्ध झाला आणि त्या दोघींना अर्पण करण्यात आला. त्यांचे आडनाव इझाक होते एवढ्याच कारणाने त्या मारल्या गेल्या, असे अर्पणपत्रिकेत म्हटले आहे. इझाक हे इब्राहिमाच्या पुत्राचे नाव. आपल्या मिस्साविधीच्या पहिल्या कृतज्ञतास्तवनात आपण इब्राहिमाला श्रद्धेतील पिता म्हणतो, ते येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

इझाक यांचे म्हणणे सूडाचे नव्हते. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यात यहुदीद्वेष नाही, तो शिकवणुकीत नंतर शिरला आहे, म्हणून तो काढता येईल, असे ते सप्रमाण मांडीत. त्यांच्या टिपणांच्या आधारे १९४७ साली स्वित्झर्लंडमधील झेलिसबर्ग येथे ख्रिस्ती आणि यहुदी मंडळींच्या परिषदेने दहा मुद्दे तयार केले. ते आजही प्रत्येक धर्मशिक्षकाच्या टेबलावर असावेत. प्रभू येशू यहुदी मातेच्या पोटी जन्मला, पहिले शिष्य आणि पहिले रक्तसाक्षी यहुदी होते, हे विसरू नका. 'यहुदी' हा शब्द केवळ येशूच्या वैऱ्यांसाठी राखून ठेवू नका. दुःखसहनाची कथा अशी सांगू नका की जणू सारे यहुदी, सर्व काळचे, त्या मृत्यूला जबाबदार आहेत.

यात धर्मसिद्धांताच्या दृष्टीने नवे काहीच नव्हते. ट्रेंटच्या महासभेनंतर १५६६ साली निघालेल्या प्रश्नोत्तरी ग्रंथात, प्रभूच्या मृत्यूचा दोष यहुद्यांपेक्षा पाप करणाऱ्या आपणा ख्रिस्ती लोकांवर अधिक येतो, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. कारणही दिले आहे: ते न जाणता चुकले, आपण जाणून चुकतो. मग चारशे वर्षे ही शिकवण गेली कोठे? ती ग्रंथात होती. लोक ग्रंथ वाचत नाहीत. लोक प्रार्थना ऐकतात, आणि वर्षातून एकदा, अंधारलेल्या चर्चमध्ये, शोकाच्या दिवशी ऐकलेला शब्द त्यांच्या मनात ग्रंथाहून खोल जातो. जशी प्रार्थना तशी श्रद्धा, हे जुने सूत्र सेमिनरीत आम्ही उत्साहाने पाठ करीत असू. त्याची ही दुसरी बाजू मला पुढे इतिहास वाचताना उमगली.

पोप बारावे पायस यांच्या काळात बर्फ थोडा वितळू लागला. भाषांतरात 'विश्वास न ठेवणारे' असा सौम्य शब्द वापरण्यास १९४८ साली मुभा मिळाली आणि पवित्र आठवड्याच्या १९५५ सालच्या सुधारणेत यहुद्यांसाठीही गुडघे टेकण्याची सूचना पुनश्च आली. विशेषण मात्र तेथेच होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये आंजेलो जुझेप्पे रोंकाल्ली हे तेविसावे योहान या नावाने पोप झाले. युद्धकाळात इस्तंबूल येथे पोपचे प्रतिनिधी असताना पळून आलेल्या यहुदी कुटुंबांना कागदपत्रे मिळवून देण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले होते. पोपपदाला पाच महिने झाले असताना, १९५९ सालच्या उत्तम शुक्रवारी, ते विशेषण त्यांच्या आज्ञेने प्रार्थनेतून गळाले.

१३ जून १९६० रोजी ब्याऐंशी वर्षांचे झ्यूल इझाक त्यांच्या भेटीस आले. त्यांनी आपले निवेदन सादर केले आणि निघताना विचारले, काही आशा बाळगू का? तुम्हाला आशेहून अधिक बाळगण्याचा हक्क आहे, अशा अर्थाचे उत्तर पोप महोदयांनी दिले. काही महिन्यांतच कार्डिनल बेआ यांच्याकडे या विषयावरील मसुद्याचे काम सोपवले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतील यहुद्यांचे एक शिष्टमंडळ व्हॅटिकनला आले, तेव्हा जुझेप्पे म्हणजे योसेफ हे आपले बाप्तिस्म्याचे नाव घेऊन पोप महोदय त्यांना म्हणाले की, तुमचा भाऊ योसेफ तो मीच. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ आणि त्याचे भाऊ यांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाक्याचे भाष्य नको.

१२ एप्रिल १९६३, उत्तम शुक्रवार. पोप महोदयांना जठराचा कर्करोग झाला होता आणि ते जाणून होते की आपले फार दिवस उरलेले नाहीत. विधी चालू असताना यहुद्यांसाठीची प्रार्थना जुन्या सवयीने जुन्याच पाठाप्रमाणे गायली गेली. चार वर्षांपूर्वी पुसलेले विशेषण पुन्हा उमटले. पोप महोदयांनी विधी थांबवला आणि प्रार्थना नव्या पाठाप्रमाणे पुन्हा म्हणावयास लावली. एवढ्या मोठ्या सोहळ्यात एका शब्दासाठी असे थांबणे किती अवघड असते, हे वेदीपाशी उभे राहणाऱ्यांनाच कळेल. आपण बहुधा पुढे रेटतो आणि मागाहून कुजबुजतो. ३ जून रोजी त्यांनी इहलोक सोडला. त्यांच्या अखेरच्या रात्री संत पेत्राच्या चौकात प्रार्थना करणाऱ्या गर्दीत रोमचे मुख्य राब्बी एलियो तोआफ आपल्या काही लोकांसह उभे होते. इझाकही त्याच वर्षी सप्टेंबरात गेले.

दोघांच्याही पश्चात, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २२२१ विरुद्ध ८८ मतांनी ख्रिस्तेतर धर्मांविषयीची घोषणा स्वीकारली. तिच्या चौथ्या परिच्छेदात, प्रभूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट आणि आजच्या यहुद्यांवर मुळीच लादता येत नाही, असे सांगितले आहे. त्या परिच्छेदातील एकेका शब्दावर महासभेत जी झुंज झाली ती मोठी बोधक आहे. 'देवाचे मारेकरी' हा शब्द नावानिशी नाकारावा, असे आधीच्या मसुद्यात होते. अखेरच्या मसुद्यातून तो शब्दच गेला. यहुदीद्वेषाचा 'धिक्कार' करावा की त्याविषयी 'खेद' मानावा, यावर खल झाला आणि सौम्य शब्द राहिला. हे मला आजही खटकते. जो घाव घालताना बाराशे वर्षे शब्द आखडता घेतला नाही, तो भरताना एवढी काटकसर कशासाठी? तरीही मूळ काम झाले होते. १९७० च्या मिस्साग्रंथात उत्तम शुक्रवारची ही प्रार्थना नव्याने लिहिली गेली. देवाचा शब्द प्रथम ज्यांच्या कानी पडला त्या लोकांची, देवाच्या नामाच्या प्रीतीत आणि त्याच्या करारावरील निष्ठेत वाढ व्हावी, असे आता आपण मागतो. येथे निष्ठेसाठी योजलेला लॅटिन शब्द 'फिदेलितास' आहे. ज्या 'फिदेस' या धातुरूपातून पूर्वीचे दूषण घडवले होते, त्यातूनच ही निष्ठा आली आहे. ज्यांच्यावर विश्वासघाताचा शिक्का होता, त्यांच्या निष्ठेविषयी त्याच जागी, त्याच दिवशी, गुडघे टेकून प्रार्थना होऊ लागली.

आपल्या धर्मग्रामांत आता ती मराठीतून होते आणि बहुधा आपल्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे लक्ष द्यावे असे दुसरेच काही आहे. दुःखसहनाच्या नाट्यप्रयोगांत मुले 'यहुदी' म्हणून काळ्या दाढ्या लावून, डोळे वटारून उभी केली जातात आणि मरिया, योहान, पेत्र जणू कोणा वेगळ्याच जातीचे असतात. दांभिक माणसाला 'परुशी' म्हणणे तर आपल्या प्रवचनांत इतके मुरले आहे की निकदेम हा परुशी होता, हे आठवत नाही. त्या दिवशीच्या वाचनात लोकसमुदायाची वाक्ये कोण म्हणते, याचा विचार करावा. ती बाकांवर बसलेले आपणच म्हणतो. उपासनेची ही योजना ट्रेंटच्या त्या जुन्या प्रश्नोत्तरीला धरूनच आहे.

१३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोममधील यहुद्यांच्या सभास्थानात गेले. त्यांचे स्वागत करण्यास तेच राब्बी तोआफ दारात उभे होते. यहुद्यांना उद्देशून 'आमचे प्रिय बंधू, एका अर्थाने वडील बंधू' असे शब्द पोप महोदयांनी तेथे वापरले आणि ते जगभर गाजले. आपल्याकडील धर्मशिक्षणाच्या वर्गांतही ते पोहोचले. त्यांच्या निधनानंतर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मृत्युपत्रात ज्या थोड्या हयात व्यक्तींचे स्मरण आहे, त्यांत रोमच्या राब्बींचा समावेश आहे. पण या गोड शब्दाचीही एक कथा आहे. शास्त्रात वडील भाऊ पुष्कळदा डावलला जातो. एसावाचे ज्येष्ठपण याकोबाकडे गेले. तेव्हा 'वडील बंधू' ही उपाधी यहुद्यांच्या कानांना तितकीशी रुचत नाही, हे पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या ध्यानात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुलाखतीच्या पुस्तकात त्यांनी हे सांगितले आणि आपण त्याऐवजी 'श्रद्धेतील आमचे पितर' असे म्हणणे पसंत करतो, असे नमूद केले.